बाहेर पाठवलेली पोरं

"पोरांना बाहेर काढू नकोस गं, हे त्यांचंही आहे," असं डॉक्टर सरोजिनींनी आकांक्षाला त्या दिवशी दोनदा सांगितलं होतं. एकदा स्टाफरूममध्ये चहा घेताना आणि एकदा हॉलच्या दारात. आकांक्षा दोन्ही वेळा नुसती हसली होती.

बारा वर्षं झाली त्याला. जालन्याच्या कॉलेजात ती तेव्हा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि वर्गाची प्रतिनिधी होती. कार्यक्रम कुठलाही असो, खुर्च्या मांडण्यापासून आभार मानण्यापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात पडायचं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. डॉक्टर सरोजिनी संभाजीनगरच्या एका दंत महाविद्यालयातून आल्या होत्या. तोंडात आणि घशात शिरणाऱ्या एका विषाणूबद्दल कॉलेजच्या मुलामुलींना कितपत माहिती आहे, याची पाहणी त्या करत होत्या. आधी फॉर्म भरून घ्यायचे आणि मग तासभर बोलायचं, असा बेत. विषाणूचं नाव एचपीव्ही. आकांक्षानं आदल्या दिवशी कॉम्प्युटरवर बघून ठेवलं होतं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, एवढं वाचलं आणि ठरवून टाकलं, की हा बायकांचा विषय.

"मॅडम, तुम्हाला इथलं माहीत नाही," ती म्हणाली. "पोरं बसली की पोरी मान वर करत न्हाईत. अन् पोरं नुसती खिदळत राहतात. तुम्ही बिलकुल काळजी करू नका, मी लावते सगळं बराबर."

आणि तिनं लावलं. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेतल्या मच्छिंद्र सरांना हाक मारली. "सर, तेवढं पोरांना ग्राउंडवर घेऊन जा ना. तासाभराचं काम आहे."

मच्छिंद्र प्रयोगशाळा सहायक होता, एकोणतीस वर्षांचा. पोरं त्याला मानायची. त्यानं दारातूनच आवाज दिला, "चला रे! बायकांचं लेक्चर हाय, आपलं इथं काही काम न्हाई." पोरांनी असा कल्ला केला की जणू परीक्षा रद्द झाली. जाता जाता डॉक्टरबाईंनी पत्रकांचा एक गठ्ठा मच्छिंद्रच्या हातात कोंबला. "निदान हे तरी वाटा त्यांना." तो म्हणाला, "वाटतो मॅडम," आणि व्हॉलीबॉल काखेत मारून निघून गेला.

आत बासष्ट मुली राहिल्या. फॉर्मवर नाव टाकायचं नव्हतं, मार्क मिळणार नव्हते, तरी कागद हातात पडताच सगळ्यांच्या माना आपोआप बेबीनंदाकडे वळल्या. बेबीनंदा विद्यापीठात पहिली आलेली. तिनं जिथं खूण केली तिथंच मागच्या बाकापर्यंत खुणा होत गेल्या. "ही काय सेमिस्टर हाय का गं?" कुणीतरी म्हणालंसुद्धा, पण हात काही थांबला नाही. सातवा प्रश्न होता : तंबाखू कधीच न खाणाऱ्या माणसाला घशाचा कॅन्सर होऊ शकतो का? बेबीनंदानं 'नाही'वर खूण केली. बासष्ट फॉर्मवर बासष्ट 'नाही' आले.

डॉक्टरबाईंनी गठ्ठा चाळला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "एका चुकीवर एवढं एकमत! सरपंचसुद्धा इतका बिनविरोध निवडून येत नाही." मुली हसल्या. मग त्या बोलल्या, की होऊ शकतो. हा विषाणू जवळच्या शरीरसंबंधातून जातो, तोंडानं केलेल्या संबंधातूनही, पुरुषालाही होतो नि बाईलाही. बहुतेकांच्या अंगातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, कळतही नाही. थोड्यांच्या घशात मात्र गुपचूप बसून राहतो, वर्षानुवर्षं. हे सगळं चालू असताना मुलींनी माना काही वर केल्या नाहीत. पोरं तर बाहेर होती. तरीसुद्धा नाहीच.

दोन वर्षांनी मच्छिंद्रचं स्थळ आकांक्षाला सांगून आलं. केदारखेड्याचं शेतकरी घराणं, मुलगा जालन्यात नोकरीला. मैत्रिणी म्हणाल्या, "तुझ्या एका शब्दावर ऐंशी पोरं बाहेर नेणारा नवरा शोधून सापडायचा न्हाई." ती हसली. लग्न झालं, नेट पास झाली, त्याच कॉलेजात शिकवायला लागली. स्वरा झाली. स्वरा झाल्यापासून आकांक्षा जरा जास्तच बारीक नजरेची झाली. पोरीच्या कपाळाला दिवसातून चारदा हात, दुधाला उकळी दोनदा, शिंक आली तर ती कितवी हेही ध्यानात. मच्छिंद्र चिडवायचा, "आपल्या घरात पोलीस ठाणं हाय." त्या ठाण्याची नजर पोरीवरून हलत नसे, आणि घरातला दुसरा माणूस तिच्यातून कसा निसटला ते तिचं तिलाच नंतर नवल वाटलं.

मच्छिंद्रच्या काकांना, रामप्रसाद काकांना, गुटख्यानं तोंडाचा कॅन्सर झाला होता. शेवटी त्यांना पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागे. तेव्हापासून मच्छिंद्र रोज सकाळी पंधरा मिनिटं कॉलेजच्या गेटवर उभा राहायचा आणि पोरांच्या खिशातल्या पुड्या काढून घ्यायचा. पोरं त्याला पुडीवाले सर म्हणत. "सर आज कस्टमवर हायेत, मागच्या भिंतीवरून चल," असं ओरडत पळत. तो स्वतः सुपारीचं खांडही तोंडात घालत नसे.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आकांक्षा स्वराला केस कापायला कडूबाच्या दुकानात घेऊन गेली. कडूबा मच्छिंद्रचे केस पंधरा वर्षांपासून कापत आलेला. स्वराच्या गळ्याभोवती कापड बांधता बांधता तो सहज म्हणाला, "वैनी, सरांची गाठ दाखवली का मंग डॉक्टरला?"

"कोणती गाठ?"

कडूबाची कात्री हवेतच थांबली. "न्हाई… मानेत. कानाच्या खाली, उजव्या अंगाला. दोन कटिंगांच्या आधी सांगितलं व्हतं मी. दाखवतो म्हणले." मग त्यानं आरशातून तिच्याकडे बघणं टाळलं आणि पोरीचे केस इतके हळू कापले की अर्धा तास लागला.

घरी येऊन तिनं नवऱ्याच्या कॉलरमध्ये हात घातला. होती. लिंबाच्या बीपेक्षा मोठी, जांभळाच्या बीएवढी म्हणा. दाबली तर दुखत नव्हती.

"दुखत न्हाई तर कशाला एवढं?" मच्छिंद्र म्हणाला. "दाढीचं काहीतरी असंल."

सासूबाई तुळजाबाई पुढं झाल्या, बोटांनी चाचपलं आणि निकाल दिला, "गालफुगी हाय. माझ्या भावालाबी झाल्ती. कुंभाराच्या चाकावरची माती लावली की तीन दिसांत बसती." दुसऱ्याच दिवशी त्यांनी केदारखेड्याहून फडक्यात बांधून ओली माती मागवली. मच्छिंद्र माती लावून टीव्हीसमोर बसला, स्वरा हसली, "पप्पाच्या मानेला रांगोळी!" तीन दिवसांनी माती वाळून गळाली. गाठ तिथंच होती.

मग गल्लीतले डॉक्टर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तंबाखू, गुटखा?"

"कधीच न्हाई," मच्छिंद्र ताठ मानेनं म्हणाला.

"मग चिंता नको. इन्फेक्शन असेल." सात दिवसांच्या गोळ्या. गोळ्या संपल्यावर आणखी दहा दिवसांच्या. आकांक्षा शेजारच्या खुर्चीत होती. सातव्या प्रश्नावरच्या त्या बासष्ट खुणा तिला आठवल्या, पण आठवण अशी धूसर की हात घालायला गेलं तर निसटावी. घरी मात्र तिची नजर आता पोरीवरून नवऱ्यावर आली होती. तो प्रत्येक घासाला पाणी पितो. गिळताना मान डावीकडे झुकवतो. भाकरी सोडून भातच मागतो. उन्हाळा तोंडावर आला तरी वरचं बटण लावूनच असतो. हे कधीपासून? तिला सांगता येईना.

फेब्रुवारी संपता संपता ती म्हणाली, "उद्या संभाजीनगरला जायचं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं."

"तिथं कॅन्सरचेच पेशंट असतात. आपल्या कॉलेजातलं कुणी बघितलं तर?"

"तर काय?"

सकाळी त्यानं गाडी काढली, वरचं बटण लावूनच.

डॉक्टरांनी नळीतून घसा बघितला. गाठीत सुई घातली. आठवड्यानं पुन्हा बोलावून टॉन्सिलचा तुकडा काढला. त्यानंतर रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं आणि दोघांना समोर बसवलं. उजव्या टॉन्सिलचा कॅन्सर आहे, मानेच्या गाठीत उतरलेला आहे. तंबाखूचा नाही. एचपीव्हीचा आहे.

"यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे हा प्रकार उपचाराला चांगली साथ देतो," ते म्हणाले. "सात आठवडे किरणांचे शेक, सोबत केमोची इंजेक्शनं. घसा भाजेल, चव जाईल, वजन उतरेल. पण बरं होणारे खूप आहेत. उशीर मात्र आणखी नको." मग पेन खाली ठेवून ते दोघांकडेही बघत म्हणाले, "आता दुसरं. हा विषाणू यांच्या अंगात कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीच तपासणी सांगत नाही. दहा वर्षं झाली असतील, वीसही. लग्नाआधीचं असेल, नंतरचं असेल, तुम्हा दोघांपैकी कुणाचंही असेल. बहुतेक माणसांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा होऊनच जातो. तेव्हा घरी जाऊन कोर्ट भरवू नका. आणि ताई, गर्भाशयमुखाची तपासणी तुम्हीही करून घ्या. ती तशीही प्रत्येकीनं करायची असते."

परतीच्या वाटेवर बदनापूरला मच्छिंद्रनं गाडी चहाच्या टपरीशी उभी केली. दोघांनी दोन ग्लास घेतले. बाजूनं कापसाचे ट्रक जात होते. त्यानं चहा प्यायला नाही, हातात धरून बसला.

"विचार," तो म्हणाला. "जे विचारायचं ते विचारून टाक. मी कुठं पळून चाललो न्हाई."

एक प्रश्न तिच्या जिभेच्या टोकावर होता. कुठल्याही बायकोच्या असता तोच. तिनं तो गिळला, आणि त्याच्या मागून जो वर आला त्याचं तिलाही आश्चर्य वाटलं.

"गाठ तुम्हाला कधी लागली?"

"कडूबानं सांगितलं तेव्हा."

"कडूबाच्या आधी."

ट्रक गेला. धूळ बसली.

"दिवाळीत," तो म्हणाला. "पाडव्याच्या आदल्या दिवशी."

दर पाडव्याला पहाटे तो पाटावर बसायचा आणि आकांक्षा त्याला तेल-उटणं लावायची. मानेला, पाठीला, कानामागं. स्वरा उटण्यात बोट बुडवून त्याच्या नाकाला लावायची. यंदा तो तिच्या आधी उठला होता. न्हाणीघराचं दार लावून आतून म्हणाला होता, "माझं मी लावतो गं, तू औक्षणाचं बघ." तिला वाटलं होतं, फराळ करून आपण दमलोय, आपल्याला थोडी जास्त झोप मिळावी म्हणून म्हणत असेल. तिनं मनातल्या मनात त्याचं कौतुकसुद्धा केलं होतं.

"म्हणून उटणं लावू दिलं न्हाई."

"तुझा हात फिरला असता तर तुला सापडली असती."

"सापडली असती तर चार महिने वाचले असते!" ती एवढ्या जोरानं बोलली की टपरीवाल्यानं वळून बघितलं.

मच्छिंद्रचा आवाज खाली गेला. "मी गेटवर उभा राहतो आकांक्षा. पोरांच्या खिशात हात घालतो. उद्या कळलं की पुडीवाल्या सरांना घशाचा कॅन्सर झाला, तर पोरं काय म्हणतील? लपून खात व्हते. अन् खात नव्हतो म्हणलं, तर म्हणतील, मंग दुसरं काय केलं? रामप्रसाद काकाला निदान कारण तरी व्हतं. माझ्याकडं सांगायला कारण न्हाई, अन् जे हाय ते तोंडातून निघत न्हाई."

तो जिभेच्या टोकावरचा प्रश्न तिनं पुढं आठ दिवसांनी विचारला. त्यानं उत्तर दिलं, खरं दिलं. ते त्या दोघांचं आहे, इथं सांगण्यासारखं नाही. त्या दिवशी बदनापूरला तिनं फक्त त्याच्या हातातला गार झालेला चहा घेऊन मातीत ओतला आणि म्हणाली, "चला. पोरगी शाळेतून येईल."

पण माणूस एका ठिकाणी मोठा होतो आणि दुसऱ्या ठिकाणी लहान. रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले. स्वराची सवय होती, पप्पाच्या ताटातला शेवटचा घास तिचा. बाळपणापासूनचा हक्क. मच्छिंद्रनं वरणभाताचा छोटा गोळा करून ताटाच्या कडेला ठेवला आणि स्वरानं हात पुढं केला. त्याच क्षणी आकांक्षानं ताट ओढून घेतलं. "आधी हात धू. आणि तुझं ताट कुठंय? मोठी झालीस आता."

"पण तो माझा घास हाय!"

"नको म्हटलं ना!"

मच्छिंद्रनं हात आखडता घेतला. तो उठला, स्वतःचं ताट स्वतः घासलं आणि मांडणीत न ठेवता खिडकीत पालथं घातलं. ग्लासही शेजारी. संध्याकाळी तुळजाबाईंनी ते बघितलं आणि त्यांचा आवाज चढला, "हे काय? माझ्या पोराला वाळीत टाकलं व्हय कुणी?"

"माय, राहू दे. मीच ठेवलंय," मच्छिंद्र म्हणाला.

आकांक्षा विज्ञान शिकवायची, संसर्ग कसा होतो हे ती पोरांना समजावू शकली असती. पण तिच्यातल्या आईला कुठलंच विज्ञान ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांना हा एक प्रश्न विचारायचा राहिला होता, आणि फोन करून विचारायची तिला लाज वाटत होती. नवऱ्याच्या ताटाला भिते, असं कुणाला सांगायचं?

सोमवारी ती मच्छिंद्रच्या रजेचा अर्ज द्यायला आणि त्याचा ॲप्रन, चष्म्याची डबी आणायला प्रयोगशाळेत गेली. त्याचं लोखंडी कपाट उघडलं. खालच्या खणात जुन्या जर्नलांमागं सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा होता. कडा पिवळ्या पडलेल्या. वरच्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर मच्छिंद्रच्या अक्षरात लिहिलं होतं : फिजिक्स १५, केमिस्ट्री ११. खाली उभ्या रेघा, पाच-पाचचे गठ्ठे.

व्हॉलीबॉलचा गुणफलक. तिनं कागद उलटा केला.

ती स्टुलावर बसली आणि बारा वर्षांपूर्वीचं ते पत्रक पहिल्यांदा वाचलं. मुलींनाही ते वाटलं गेलं होतं, तिच्याही पिशवीत होतं, पण वाचलं मात्र नव्हतं. छोट्या टायपात, साध्या मराठीत सगळं होतं. हा आजार तंबाखू न खाणाऱ्यालाही होतो. मुलगे आणि मुली, दोघांसाठी लस आहे. ती लहान वयात, नऊ ते चौदाच्या दरम्यान घेतलेली सगळ्यात चांगली, मोठेपणी डॉक्टरांना विचारून. मानेतली न दुखणारी गाठ, गिळताना अडणं, एका बाजूचा घसा किंवा कान दुखणं, यातलं काहीही तीन आठवड्यांहून जास्त टिकलं तर दाखवा. आणि त्याच्या खाली : एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने, मुलांना जवळ घेतल्याने हा पसरतो असे आढळलेले नाही.

तिनं ती शेवटची ओळ तीनदा वाचली. मग गठ्ठा मोजायचा म्हणून सुतळी सोडली आणि मोजलाच नाही. एकही कागद वाटला गेलेला नव्हता, हे बघूनच कळत होतं. हा बायकांचा विषय, मग पोरांना कोण वाटणार? तसं ठरवून तिनंच तर सगळे बाहेर काढले होते.

घरी येऊन तिनं खिडकीतलं ताट उचललं आणि मांडणीत इतर ताटांच्या मधोमध सारलं. जेवताना मच्छिंद्रनं शेवटचा घास स्वतःच खायला घेतला, तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं. "तो तिचा आहे." स्वरानं एकदा आईकडं बघितलं, खात्री करून घेतली आणि आ वासला.

मग तिनं ते पत्रक त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं आधी पाठ बघितली. "पंधरा-अकरा," तो म्हणाला. "केमिस्ट्री हरल्ती." मग उलटवून वाचायला लागला. वाचायला त्याला खूप वेळ लागला, एवढ्याशा कागदाला लागू नये एवढा.

"मी डॉक्टर सरोजिनींना बोलावतेय," आकांक्षा म्हणाली. "शनिवारी. या वेळी सगळ्यांना बसवणार."

"बसव. माझं नाव घेऊ नको. पोरांसमोर न्हाई. हात जोडतो."

"न्हाई घेणार."

शेक सोमवारपासून सुरू व्हायचे होते. शनिवारी सकाळी हॉल भरला. डॉक्टर सरोजिनींचे केस पिकले होते. त्यांनी आकांक्षाला ओळखलं, हातातला पिवळा गठ्ठाही ओळखला, आणि त्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही. फळ्यावर विषय लिहिला गेला. तो वाचताच मागची पोरं उठायला लागली. कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं. जिथं फळ्यावर असलं काही लिहिलं जातं तिथून आपण उठायचं असतं, हे त्यांना जणू जन्मतः ठाऊक होतं. एकानं बॅगही खांद्याला लावली. "मॅडम, आम्ही ग्राउंडवर थांबतो. पोरींचं होऊ द्या."

"कुणी बाहेर जाणार नाही," आकांक्षा म्हणाली. "बसा."

"मॅडम, पण पोरीच लाजतात…" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. दोघं-चौघं दारापर्यंत पोचले. आकांक्षा ओरडणार होती, पण तेवढ्यात ते दारातच थबकले. दारात मच्छिंद्र उभा होता.

पुडीवाले सर बघून दोघांचे हात सवयीनं खिशावर गेले.

"खिसे न्हाई तपासत आज," तो म्हणाला. आवाज जाड झाला होता. "बसा रे. मागं जा, बसा."

पोरं परत फिरली. तो चालत पुढं आला, मुलांच्या बाजूच्या पहिल्या बाकापाशी उभा राहिला. आकांक्षाकडं त्यानं बघितलं नाही. वरचं बटण सोडलं, मग दुसरं, आणि कॉलर बाजूला केली. गाठ आता लांबूनही दिसत होती.

"बारा वर्षांपूर्वी ह्याच हॉलमधून मी पोरांना बाहेर घेऊन गेल्तो. हेच लेक्चर व्हतं. बायकांचं हाय म्हणलो व्हतो. ही गाठ त्याचीच हाय. कॅन्सर हाय. पुडीचा न्हाई. पुडी मी आयुष्यात तोंडात घातली न्हाई, हे तुम्हाला माहीत हाय. तरीबी झाला. आता तुम्हाला माझ्याबद्दल जे म्हणायचं ते म्हणा, पण आधी ऐकून घ्या अन् मंग म्हणा. मी ऐकलं नव्हतं."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. तो पहिल्या बाकावर बसला. डॉक्टर सरोजिनींनी माईक घेतला आणि सातव्या प्रश्नापासून सुरुवात केली. थोड्या वेळानं आकांक्षानं बघितलं, तर एक एक करून पोरांचे हात त्यांच्याच मानेवर, कानाखाली चाचपत होते. काही पोरींचेही. आणि त्यांच्या माना वर होत्या.

व्याख्यान संपल्यावर कडूबा मागच्या खुर्चीवरून उठला. त्याला कुणी बोलावलं होतं देव जाणे. "वैनी, मला धा-वीस कागद द्या," तो म्हणाला. "माझ्या हाताखाली रोज तीस माना येतात."

सोमवारी पहिला शेक झाला. आता पाचवा आठवडा चालू आहे. मच्छिंद्रची चव गेली आहे, वजन नऊ किलोनं उतरलं आहे, आणि शेवटचा घास आता पातळ खिमटाचा असतो, तोही स्वराच चाटून खाते. ती नऊ वर्षांची झाली की लस द्यायची, ही तारीख आकांक्षानं भिंतीवर लिहून ठेवली आहे. गाठ निम्मी झाली, असं डॉक्टर म्हणतात. पुढचं कुणी ठामपणे सांगत नाही आणि तीही विचारत नाही.

डॉक्टर सरोजिनींचं जुनं पत्रक तिनं पुन्हा छापून घेतलं. मजकूर तोच ठेवला, फक्त मागची कोरी बाजू कोरी सोडली नाही. तिथं स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि तसंच छापायला सांगितलं :

"हे वाचणाऱ्या, तुझ्या घरात असा एक माणूस असेल, जो तंबाखू खात नाही म्हणून कुणी त्याच्याकडं बघत नाही. वडील असतील, भाऊ असेल, नवरा असेल, खोलीतला मित्र असेल. तो हल्ली घासागणिक पाणी पितो का, मान वळवून गिळतो का, ते बघ. दिवाळीच्या पाडव्याला 'उटणं माझं मी लावतो' म्हणून त्यानं दार लावून घेतलं असेल, तर आज त्याला जवळ बसव, आणि त्याच्या मानेवरून, कानाच्या खालून एकदा हात फिरव. तो हसेल, हात झटकेल. तरी फिरव."